वहिनीचा घोगरा आवाज आणि दोन चमचे चूर्ण

सकाळी सातलाच गोदामाच्या फाटकाशी कामगारांची रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात चहाचा कप आणि पुढे खुर्चीवर बलबाबा. तीन वर्षांपूर्वी हा इसम जिममध्ये डंबेल पुसायचा. आता मंत्र फुंकून लोकांच्या चहात शक्तिचूर्ण टाकत होता.

"पोतं जड, तर चमचा भरून! शंका घेईल त्याचे दंड वाळतील!"

चूर्णाचा सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे माझी वहिनी. त्याच गोदामात पॅकिंगला बसणारी ही काडीसारखी बाई तीन महिन्यांत पन्नास किलोचं पोतं एकटी उचलू लागली. आवाजही घोगरा झाला. "वीर बोलतोय हिच्या कंठातून!" बाबा गरजले, आणि लोकांनी हात जोडले. वहिनीला मिशी फुटू लागली, त्या मिशीबद्दल मात्र बाबा मिठाची गुळणी धरून होते.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून घरात माझं कुणी ऐकत नाही. पण एका रविवारी वहिनी लाजत आली.

"वन्सं, दोन महिने पाळी नाही. बाबा म्हणालेच होते, दोन चमचे घे, कूस उजवेल."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. टोपड्यासाठी लोकरही आणून ठेवली होती तिने. मी तिला लॅबमध्ये नेऊन तिचं रक्त तपासलं.

गर्भ नव्हताच. रक्तात पुरुषी हार्मोन मात्र दादाला लाजवील इतकं! आमच्या डॉक्टरबाईंनी चूर्णाची पुडी तपासायला पाठवली. साखर, सुंठ आणि त्याच हार्मोनच्या गोळ्यांची पूड.

वहिनीला पटेना. "पण ताकद तर खरी आहे ना?"

"खरीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे हार्मोन स्नायूच्या पेशीत शिरून तिथल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. मग ती जोडी थेट डीएनएवर जाऊन बसते आणि जास्त प्रथिनं बनवायला लावते. स्नायूचे धागे जाड होतात. मंत्र मारा नाहीतर शिव्या घाला, पेशीला काही फरक पडत नाही. पण तोच हुकूम गळ्याला जातो, ओठावरच्या केसांना जातो, आणि पाळी थांबते."

"आवाज येईल परत?"

"पाळी बहुतेक येईल. आवाजाचं खोटं नाही सांगणार."

वहिनी खूप रडली. दुसऱ्या दिवशी मात्र रिपोर्ट घेऊन आम्ही तिघी फाटकावर गेलो.

"बाईला दृष्ट लागली!" बाबांनी सुरुवात केली. "पुरुषांना चूर्ण अमृत आहे!"

"पुरुषांचंही तेच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेरून आयता माल आला की शरीर घरचा कारखाना बंद करतं. मग बाप होणंही अवघड."

धडाधड चहा गटारात ओतला गेला. वीरांची ही चपळाई मी प्रथमच पाहिली.

बाबा शाप देऊ लागले. तेवढ्यात वहिनी पुढे झाली. त्या घोगऱ्या आवाजापुढे बाबांचा आवाज बुडाला.

"नीट ऐका. हा वीर नाही, मीच बोलतेय. लेकरासाठी रोज दोन चमचे खाल्ले आणि यात आहे काय, एवढं एकदाही विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा."

रांगेतल्या पहिल्या हमालाने रिकामा कप छातीशी धरला आणि विचारलं, "बाबा, यात आहे काय?"