पुढचे दिवे लागेनात

मला एक सांगा, सकाळी लागलेला दिवा दुपारी का लागू नये? वायर तीच, बॅटरी तीच, हात माझेच. मधे मी फक्त आंघोळ करून आले. तेवढ्यात पुढच्या दोन्ही दिव्यांनी मान टाकली.

माझं डोकं सटकतं ते अशाच वेळी. मी श्वेता. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आणि नंतर लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत काम केलं. सोसायट्यांचे सेक्रेटरी ‘मॅडम, कोणी जेंट्स नाही का आलं?’ विचारायचे, तेव्हा त्यांच्यासमोर मी अडकलेली लिफ्ट चालू करून दाखवायचे. आणि इथे, भांडुपला आमच्याच दारात, आमच्याच पिकअपचे दोन दिवे मला दाद देईनात.

गाडी खरं तर बाबांची. उभा जन्म त्यांनी तिच्यावर काढला. आंब्याच्या दिवसांत देवगडहून पेट्या आणायच्या, गणपतीत लोकांची मखरं पोचवायची, बाकी वर्षभर मिळेल ते भाडं. गेल्या दिवाळीनंतर साखरेने त्यांचे डोळे खाल्ले आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. तेव्हापासून ती आमच्या कोकणनगरच्या गल्लीत भिंतीकडे तोंड करून उभी, घरातल्या रुसलेल्या माणसासारखी. मिथुन नावाचा एक एजंट दर रविवारी यायचा, टायरला लाथ मारून बघायचा आणि विचारायचा, “काय दशरथकाका, विकताय ना?” शेवटी त्याची ती लाथ मला बघवेना. मी नोकरी सोडली आणि घरात सांगून टाकलं, गाडी मी चालवणार.

आज पहिली फेरी होती. देवगडच्या बागेतून खंडूकाकांचा कालच फोन आला होता. “सकाळी गाडी बागेत होयी गो बाय. नाय इली तर पेटये दुसऱ्याच्या गाडीत. आणि एकदा दुसऱ्याची गाडी लागली काय सगळो हंगाम तेचो.” म्हणजे संध्याकाळी निघणं भाग होतं. नाही निघाले तर हंगाम गेला, आणि हंगाम गेला की गाडी मिथुनच्या घशात. एवढं सरळ होतं सगळं.

पण बाबांची एक अट होती. “घाटात कंपनीचे हेडलाइट पुरणत नाय. पुढे दोन जादा दिवे लाव. पाठी रिवर्साक दोन लाव, बागेतली वाट काळोखी आसा. चारय लागले तर चावी तुझी. एक जरी लागलो नाय तर गाडी हलाची नाय.”

आईने लगेच मान डोलावली. मीही बिनधास्त हो म्हटलं. चार दिवे म्हणजे काय मोठं!

सकाळी उठून चारही बसवले. मागच्या दिव्यांना गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचवरून वायर काढली. पुढच्यांसाठी बॅटरीवरून जाड वायर, तिच्यात फ्यूज आणि रिले. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान अशी काळी डबी. आपण बटण दाबलं की तिच्यात टक् असा आवाज येतो आणि दिव्यांना करंट जातो. बटण दाबलं. टक्. पुढे भिंतीवर पांढराफटक उजेड. गिअर मागे टाकला, मागेही उजेड. झकास! आईला हाक मारून दाखवलं, बाबांना दाखवलं. बाबा व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. “बरां झाला,” एवढंच म्हणाले. मग मी आंघोळीला गेले.

आले तर मागचे लागतायत, पुढचे ठार. पुन्हा बॉनेट उघडलं. फ्यूज बघितला, ठीक. मग दिसलं, अर्थिंगचा बोल्ट सैल. माझाच हात हलका पडला असणार, म्हणून स्वतःलाच चार शिव्या घातल्या, बोल्ट घट्ट आवळला. लागले. आत जाऊन जेवले. बाहेर आले, बटण दाबलं. बोंबला! पुन्हा पुढचे बंद.

“काय झाला गो?” व्हरांड्यातून बाबा.

“काही नाही.”

“लागणत नाय काय?”

“बाबा, गप बसा ना जरा!”

“मी काय म्हणतंय, घाई कित्याक? खंडूक फोन कर, पुढल्या आठवड्यात येतंय म्हणान सांग.”

मला असा संताप आला म्हणता! पुढच्या आठवड्यात काय, खंडूकाका आंबे झाडाला बांधून ठेवणार होते? पान्हा हातात होता म्हणून बरं, सगळा राग बोल्टवर काढला. नाहीतर मी काहीतरी बोलून बसले असते.

दुपार डोक्यावरून उतरायला लागली तेव्हा नाक मुठीत धरून रतनला बोलावलं. रतनचं नाक्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि आम्ही एका वर्गात होतो. आल्या आल्या सुरू झाला. “काय गं, लिफ्टवाली? गाडी वर-खाली जात नाही वाटतं?”

“रतन्या, काम कर. माझं डोकं फिरलंय.”

त्याने सगळं तपासलं आणि रिले दोन बोटांत धरून हलवला. “हा नीट बसलेलाच नाही, अर्धा बाहेर आहे. असं कुठे वायरिंग करतात, यार?” खाटकन आत दाबला. टक्. दिवे लागले. मी त्याच्याकडे बघत राहिले. रिले मी स्वतः दाबून बसवला होता, आवाज येईपर्यंत. पण बोलणार कोणत्या तोंडाने? आईने त्याला चहा दिला, मी आत जाऊन बॅग भरली. रतन चहा पिऊन, मला दोन सल्ले देऊन गेला.

बॅग ठेवायला गाडीशी गेले. बटण दाबलं. ना टक्, ना उजेड.

मी खरंच सांगते, मला रडू आलं. सगळा दिवस त्या बॉनेटमध्ये वाकून कंबर मोडली होती, हातांना काळं ग्रीस, आणि उन्हं समोरच्या चाळीच्या पत्र्यावर गेलेली. मागचे दिवे मात्र शहाण्यासारखे लागत होते, दिवसभरात एकदाही रुसले नव्हते. पुढच्यांनाच काय धाड भरली होती? टक् होत नाही म्हणजे बटणाची वायर कुठेतरी तुटली, असं धरून मी डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक वायर चाचपायला लागले.

“श्वेता, भायर ये,” आई म्हणाली. “नारळ ठेवून गाऱ्हाणां घालूया.”

“आई, गाडीच निघत नाहीये! कसलं गाऱ्हाणं?”

“म्हणानच. येळ जाता. देवाक सांगलंस काय लागतत दिवे.”

आता आमच्याकडे हे असं आहे. नवीन काही सुरू करायचं तर घरातला मोठा पुरुष गावच्या देवासमोर गाऱ्हाणं घालतो. गाव पाचशे किलोमीटर लांब असलं तरी चालतं, देवाला भांडुप माहीत आहे. बाबांचं गाऱ्हाणं आख्ख्या कोकणनगरात प्रसिद्ध. कोणाचं घर, कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, बाबांनाच बोलावतात. त्यातलं एक वाक्यही ते कधी गाळत नाहीत. गाऱ्हाण्यात गाळलं की ते लागू होत नाही, असं त्यांनीच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

आईने बॉनेटवर नारळ ठेवला, पुढच्या मुक्या दिव्यांना हळद-कुंकू लावलं. बाबा बॉनेटला हात धरत पुढे आले, डोक्यावर टोपी घातली, हात जोडले. मी ग्रीसच्या हातांनी मागे उभी, मनात नुसती चडफड.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आई आणि मी.

“बा गावच्या रवळनाथा, आज ह्या माझ्या चेडवान तुझ्या नावान जो काय नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती पयल्यांदाच गाडी घेवन जाता हा. तिका वाटेत, घाटात सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तिच्या वाटेत कोणी काय वाकडानाकडा केलेला आसात...”

बाबा थांबले.

पुढचं वाक्य मला पाठ आहे. आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. कोणी काय वाकडानाकडा केलेला आसात, तर ता करणाऱ्याच्या पदरात घाल. प्रत्येक गाऱ्हाण्यात असतं ते. बाबांच्या तोंडून मी ते कधी अडखळलेलं ऐकलं नव्हतं.

“कोणी काय केलेला आसात...” ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

आईला माझ्या आधी कळलं. “अहो,” ती हळूच म्हणाली, “काय केलास तुमी?”

बाबांनी खिशातून एक काळी डबी काढली. माझा रिले. नवा, सकाळी मी बसवलेला. आत गाडीत त्यांनी हॉर्नचा जुना जळका रिले खोचून ठेवला होता, दिसायला हुबेहूब तसाच. ज्या माणसाला टीव्हीच्या रिमोटवरची बटणं दिसत नाहीत, त्याने नुसत्या बोटांनी चाचपून बोल्ट सैल केला होता, रिले उपसला होता आणि शेवटी बदललाही होता. मी आंघोळीला, जेवायला, बॅग भरायला आत गेले तेव्हा तेव्हा. आणि मी दिवसभर स्वतःला शिव्या घालत होते!

“बाबा!” मी ओरडले. गल्लीतली दोन माणसं वळून बघायला लागली, बघू देत. “अहो, माझा दिवस गेला! रतनसमोर माझी लाज गेली! तुम्हीच अट घालायची आणि तुम्हीच... नसेल पाठवायचं तर तोंडावर सांगायचं होतंत!”

“सांगलंय असतंय तर तू ऐकलं असतंस?”

“नाही!”

“मगे?” त्यांनी डबी मुठीत आवळली. “त्या घाटात मी जलम काढलंय गो. खयचा वळण कसा, माका म्हायत. तुझ्याबरोबर माजे डोळे नसतले. माका भ्या वाटता, दुसरा काय नाय.”

“आणि मागचे? मागच्यांना का नाही हात लावलात?”

“ते कित्याक बिघडवू? पाठी येवक होये ना तुका.”

राग होताच, तो असा लगेच जातो थोडाच. आईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, “गाऱ्हाणां अर्धा ठेवू नका. पुरा करा.”

बाबांनी पुन्हा हात जोडले. गाळणार नव्हतेच ते, मला माहीत होतं. मान खाली घालून, स्पष्ट आवाजात म्हणाले, “कोणी काय वाकडानाकडा केलेला आसात, तर ता करणाऱ्याच्या पदरात घाल रे म्हाराजा!”

आता ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं होतं आम्ही.

“नाय म्हाराजा!” मी म्हणाले.

आईने दचकून माझ्याकडे बघितलं. गाऱ्हाण्याला नाय कोणी म्हणत नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी म्हटलं नसेल.

“हे देवाला सांगायचं नाही,” मी बाबांना म्हटलं. “दुसरं काहीतरी सांगा.”

बाबांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, “करणाऱ्याच्या जिवातला भ्या तेवढा कमी कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो की वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावलं.

मी नारळ बाजूला ठेवून बॉनेट उघडलं, जळका रिले उपसून फेकला आणि हात पुढे केला. बाबांनी डबी माझ्या हातावर ठेवली नाही. स्वतःच बॉनेटमध्ये वाकले, बोटांनी जागा शोधली आणि अंगठ्याने दाबली. मी बटण दाबलं. टक्. समोरच्या भिंतीवर, तिच्या निघालेल्या रंगावर, ओल्या डागांवर लख्ख उजेड पडला.

बाबांनी नारळ फोडला. मी चावी फिरवली. गल्लीतून बाहेर पडायचं तर मागे मागेच यावं लागतं. गिअर मागे टाकला, मागचे दिवे लागले, आणि आरशात बाबा दिसले. टोपी डोक्यावर तशीच, एक हात आमच्या दाराच्या कठड्यावर, दुसरा हात उंच केलेला. एवढ्या उजेडात त्यांना गाडी तरी नीट दिसत असेल.

“येऊ दे,” ते ओरडत होते, “येऊ दे... येऊ दे...”