मुखातली गंगा

"सत्यवाद्याच्या मुखी गंगा वाहते, असत्यवाद्याच्या मुखी वाळवंट पसरते!" वाक्शिरोमणी महाराज गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. साल त्र्याहत्तर, महिना मे, गाव नागपूर. महालातल्या आमच्या बोळात तेव्हा नळाच्या मुखीही गंगा नव्हती.

यमुताईंचा चांदीचा पेला नाहीसा झाला होता. संशय भांडी घासणाऱ्या सिंधूताईवर होता. महाराजांची पद्धत जुनीच: मंतरलेले कोरडे तांदूळ चावायचे आणि पत्रावळीवर थुंकायचे. ओले पडले तर सच्चा, कोरडे पडले तर चोर.

पण तांदळाआधी प्रवचन. चोराची जीभ कशी झडते, वंश कसा बुडतो, याचं महाराजांनी इतकं रसाळ वर्णन केलं, की मीसुद्धा मनातल्या मनात पेला परत करून आलो.

सिंधूताई पुढे आली. चावली, थुंकली. पत्रावळीवर नुसती भुकटी.

"चोर! चोर!"

"म्या नाही घेतला वं यमुताई! आता मले कोन दारात उभं करन?"

समोरच्या घरातल्या डॉक्टर उत्तराबाई गर्दीतून पुढे आल्या. "महाराज, तुमच्याहून सत्यवादी इथे कोण? तुम्हीही चावून दाखवा."

"आम्ही?"

"काहून, भेव लागून राहिलं का?" धोंडबा पानवाला मागून ओरडला. लोकांनाही चेव आला. "चावा! चावा!"

भर उन्हात दोन तास बोललेल्या महाराजांनी तांदूळ चावले. बराच वेळ चावले. मग थुंकले. भुकटीच, आणि तीही अर्धी दाढीवर.

"महाराज," धोंडबानं अदबीनं विचारलं, "पेला कुठी ठेवला गा?"

हशा ओसरल्यावर उत्तराबाई म्हणाल्या, "भीतीनं तोंड कोरडं पडतं, बडबडीनंही पडतं. तांदळाला चोर ओळखता येत नाही. हिची लाळ तुमच्या प्रवचनानं आटवली, आणि तुमचीही."

यमुताई खाली मान घालून म्हणाल्या, "सिंधू, उद्या येजो वं कामाले."

पेला आजतागायत सापडलेला नाही. थुंकीत तर तो नक्कीच नव्हता. मंडळी, बोलणं रसाळ आहे म्हणून ते खरं मानू नका. टाळी देण्याआधी वक्त्यालाही चार तांदूळ चावायला द्या.

महाराजांचं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य मात्र सोळा आणे खरं होतं. टाळी एकही पडली नाही. यमुताईंच्या दारात सिंधूताईनं भरून ठेवलेल्या माठाकडे बोट दाखवून ते तिला पुटपुटले,

"माय, जरासं पाणी दे वं."