उसाच्या फडावर गेलेली गिरणी

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. पण मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर तुम्हाला धुराचा वास येणार नाही. मी उन्हावर चालते. माझ्याबरोबर निळ्या काचेच्या पाट्या असतात. त्या ऊन घेतात, उन्हाची वीज होते आणि माझ्या पोटातले दोन दगड फिरू लागतात.

माझा जन्म गुजरातेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला तिथून आणलं तळोद्याच्या नेहलने. नेहल ही धर्मचंदशेठांची सून. शेठांचं बाजारात धान्याचं दुकान आहे. दुकानात बसल्याबसल्या नेहल रोज पाहायची, की विस्थापितांच्या वसाहतीतल्या बाया मक्याची गाठोडी डोक्यावर घेऊन दूरच्या डिझेलच्या गिरणीकडे निघाल्या आहेत. त्यांचं गाव नर्मदेच्या काठी होतं. धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. सपाटीवर त्यांना घरं मिळाली, पण दळणाची सोय नव्हती आणि विजेचा भरवसा नव्हता.

त्या बायांमध्ये संध्या होती. वसाहतीतच वाढलेली, बारावी शिकलेली, कमी बोलणारी. दुकानात येता-जाता दोघींची मैत्री झाली आणि दोघींनी मिळून एक छोटी कंपनी काढली. भांडवल पुण्याच्या हीनाताईंनी आणून दिलं. त्यांच्यामागचे गुंतवणूकदार जरा वेगळे होते. पैसे परत यावेत, थोडा नफाही व्हावा, हे त्यांना हवं होतंच. पण त्या पैशाने कोणाचं जगणं हलकं झालं, हेही त्यांना पाहायचं होतं.

मी वसाहतीत आले त्या दिवशी मला झेंडूची माळ घातली, माझे फोटो काढले. पहिलं दळण संध्याच्या आईचं, भुरीबाईचं. पीठ पडू लागलं तसा तिने तळहात खाली धरला. किती तरी वेळ ती नुसती ते ऊन ऊन पीठ हातावर घेत राहिली.

मला वाटलं, आता माझे दिवस असेच जाणार. पण दिवाळी झाली आणि एका सकाळी वसाहतीत ट्रक आले. घरोघरची माणसं भांडीकुंडी, पोरंबाळं घेऊन त्यात चढली आणि गुजरातेत ऊसतोडीला निघून गेली. भुरीबाईही गेली. माझ्यासाठी म्हणून संध्या तेवढी मागे राहिली.

मग मला कोणी विचारेना. माझ्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं. पाट्यांवर धूळ साचली. धर्मचंदशेठ एकदा येऊन माझ्याकडे बघत संध्याला म्हणाले, "लोक निंघी ग्यात का मंग तू काय वारा दळशी?" ते रागाने बोलले नव्हते. त्यांना सुनेची काळजी वाटत होती.

माघात हीनाताई आल्या. बंद दारं बघत त्या वसाहतभर फिरल्या आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"नेहल, ही गिरणी खांडबाऱ्याच्या बाजारात हलवावी असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "तिथे बारा महिने दळण मिळेल. इथले पैसे परत आले नाहीत, तर पुढच्या वसाहतीसाठी मी कोणाकडे कोणत्या तोंडाने मागू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग संध्या बोलली.

"काल आईचा फोन होता. मुकादम धान्य देतो, पण ती ऊस तोडून येते तोवर तिथली गिरणी बंद होते. मग दुकानातलं कुबट पीठ आणतात. ताई, गिरणी हलवायचीच असेल तर तिकडे हलवू. आमची माणसं जातील तिथे ती जाईल."

"पिकअपमध्ये मावेल?" नेहलने विचारलं.

"पाट्या उभ्या ठेवल्या तर मावेल."

हीनाताईंनी थोडा विचार केला. "होळीपर्यंत करून बघा," त्या म्हणाल्या. "नाही जमलं, तर मग खांडबारा."

अशी मी फडावर गेले. उसाच्या पाल्याच्या झोपड्या, समोर उघडं माळरान आणि डोक्यावर हवं तेवढं ऊन. पहाटे बाया आपापलं धान्य माझ्याजवळ ठेवून जात. कोणाचं धान्य कोणतं ते कळावं म्हणून प्रत्येकीने पिशवीला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. संध्या दिवसभर दळायची. संध्याकाळी बाया परतल्या, की पीठ तयार असे. उरलेली वीज बॅटरीत साठे आणि तिच्यावर रात्री झोपड्यांतले दिवे लागत. शेजारच्या फडांवरूनही दळणं येऊ लागली.

आणि एके दिवशी उसाची गाडी मागे घेताना बैल बिचकले. चाक माझ्या दोन पाट्यांवरून गेलं. माझे दगड मंदावले, मग थांबले. संध्या फुटक्या काचा गोळा करत राहिली. होळी जवळ आली होती. तिने नेहलला फोन लावून पाट्या फुटल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहल आली. सोबत धर्मचंदशेठ होते. नव्या पाट्या गोधडीत गुंडाळून ते रेल्वेने आले होते. गाडीत कोणी टेकू नये म्हणून शेठ सगळी वाट पाट्यांना हात लावून उभे होते. संध्याने पाणी दिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरी, रडू नको. जोडी दे त्या तारा."

तारा जोडल्या आणि मी पुन्हा फिरू लागले. संध्याकाळी पलीकडच्या फडावरची एक अनोळखी बाई दळण घेऊन आली. तिने विचारलं, "ही गिरणी कोणाची?"

भुरीबाई आपल्या पावरी बोलीत म्हणाली, "आमच्या गावाची."

संध्याचा हात दाण्यांतच थांबला. पाण्याखालचं गाव सोडून दुसऱ्या कशालाही तिच्या आईने आजवर गाव म्हटलं नव्हतं. वसाहतीला ती नुसतं 'तिकडे' म्हणायची.

खांडबाऱ्याला मी गेले नाही. होळीनंतर फडावरच्या दळणाचा हिशेब बघून हीनाताईंनी स्वतःहून दुसऱ्या गिरणीची गोष्ट काढली. मी मात्र पुढची काही वर्षं माणसांबरोबर जात-येत राहिले. आता माझे दगड झिजले आहेत, मोटर एकदा बदलून झाली आहे. फडावर नवी गिरणी जाते. भुरीबाईच्या गुडघ्यांना आता प्रवास सोसत नाही, म्हणून ती वसाहतीत राहते आणि मीही राहते. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांचं दळण मी दळते. रोज सकाळी भुरीबाई ओल्या फडक्याने माझ्या पाट्या पुसते.

मित्रांनो, तुमच्या गावातही उन्हावर चालणारं काही असेल, तर त्याच्यावरची धूळ पुसत जा. धूळ साचली म्हणून आम्ही एकदम बंद पडत नाही. आम्ही फक्त हळू होत जातो, आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही.