माहेरवाशिणींचा गाळा

पूल बांधायला सिमेंट लागतं, लोखंड लागतं, वाळू लागते, एवढं आम्हाला कॉलेजात शिकवलं. भुसावळच्या यार्डात बाजूच्या रुळावर जाऊन झोपलेली सिमेंटची वॅगन कशी उठवायची, हे मात्र कोणी शिकवलं नाही. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी ते शिकलो. बाबापुता केलं, आवाज चढवला, एका अधिकाऱ्याच्या मेव्हण्याची ओळख काढली, तेव्हा कुठे ती हलली आणि सिमेंट ट्रकांनी अनेर नदीवर आमच्या साइटला पोचलं. पोचलं ते नेमकं आखाजीच्या आदल्या दिवशी.

मी तेव्हा धुळ्याच्या उत्तमचंद शेठकडे साइट इंजिनिअर होतो. नदीच्या अलीकडे धुळे जिल्हा, पलीकडे जळगाव, आणि मध्ये आमचा अर्धवट पूल. दोन खांबांमधल्या भागाला गाळा म्हणतात. बाकीचे गाळे झाले होते, अलीकडच्या सावळखेडे गावाकडचा शेवटचा राहिला होता. खाली कोरड्या पात्रात लाकडी बल्ल्यांचा आधार उभा होता, त्यावर पाट्या ठोकल्या होत्या, सळया बांधून झाल्या होत्या. फक्त काँक्रीट ओतायचं होतं. पण ओतल्यावर ते पक्कं होईपर्यंत तीन-चार आठवडे खालचा आधार काढता येत नाही, आणि मिरगात सातपुड्यावर पाऊस झाला की अनेर कोणाला विचारून येत नाही.

आदल्या वर्षी असंच लांबलं होतं. पहिल्याच पुराने आमच्या बल्ल्या ओल्या स्लॅबसकट तापीत नेऊन घातल्या. खालच्या गावांतल्या बऱ्याच गोठ्यांना त्या साली नवे खांब लागले, असं कानावर आलं. शेठ ओरडला नाही. तो ओरडायचाच नाही, हीच त्याची वाईट खोड. बशी खाली ठेवत एवढंच म्हणाला, "साहेब, एकदा नेलं तो नदीचा दोष. दुसऱ्यांदा नेलं तर दोष कोणाचा, ते तुम्हीच सांगा." म्हणजे या खेपेला बल्ल्या गेल्या तर त्यांच्या मागोमाग माझी नोकरी जाणार होती.

सिमेंट उतरून होताच मी तानुबाईला बोलावलं. ती आमच्या बायामजुरांची मुकादम. साठीची असेल, पण तिच्या आवाजाने मिक्सरसुद्धा दचकायचा.

"तानुबाई, उद्या आखाजी, उद्या सुट्टी. परवा पहाटे स्लॅब."

"परवा कोन शे साहेब? बठ्ठ्या बाया माहेरले चालन्यात."

"दुप्पट रोज देतो."

"चौपट द्या. आखाजीले माहेर सोडीसन कोनी येस का?"

"आणि तू?"

"मना भाऊ गाडी लीसन उना शे," ती म्हणाली. खरंच, बाभळीखाली एक पिकलेला म्हातारा बैलगाडी लावून उभा होता. तानुबाई नवं लुगडं नेसून गाडीत चढली आणि एखाद्या नव्या नवरीसारखी मागे वळून न बघता निघून गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशातल्या बायकांची खरी दिवाळी तीच. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, आणि आठ-दहा दिवस झोके, गौराईची गाणी, पुरणपोळी आणि आमरस. सासरचं नाव कोणी काढायचं नाही. पुरुष पत्ते कुटत बसतात. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं, त्यामुळे गडीमाणसंही जागेवर नसतात. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्याच बायकोची ट्रंक मी दोन दिवसांपूर्वी रावेरच्या एसटीवर चढवली होती. पण घरी दिसतं ते साइटवर लावून बघावं एवढी अक्कल असती, तर मी वॅगनच्या मागे धावताना तिथीही बघितली असती.

आखाजीच्या सकाळी मी रागारागाने सावळखेड्यात गेलो. गाव ओस असणार, चार म्हातारे हाती लागले तरी पुष्कळ, असा हिशेब होता. वेशीतून आत गेलो आणि थांबलो. गल्लोगल्ली बायकाच बायका. ओट्यावर बायका, आडावर बायका, कडेवर पोरं घेतलेल्या, मेंदीने हात रंगवलेल्या, मोठमोठ्याने हसणाऱ्या. गावच्या सुना माहेरी गेल्या होत्या हे खरं, पण गावच्या लेकीही माहेरी आल्या होत्या. जेवढ्या गेल्या तेवढ्याच आल्या. दरसाल असंच होतं आणि दरसाल मी फक्त जाणाऱ्यांकडे बघत आलो होतो. भर रस्त्यात मला हसू आलं.

हसू फार टिकलं नाही. गावाबाहेर, आमच्या पुलाचा रस्ता जिथे सुरू होतो तिथे, पंधरा-वीस जणी एका बुंध्याभोवती घोळका करून उभ्या होत्या. एकीच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. तो बुंधा निंबाचा होता. रस्त्याच्या आड येतो म्हणून हिवाळ्यात आम्ही तो निंब पाडला होता. पंचांनी खुशाल होकार दिला होता. पंच पुरुष. त्यावर झोका बांधणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"तुम्हीच ना पूलवाला साहेब?" दोरवाली म्हणाली. तिशीची, काळीसावळी, नजर सरळ. तिचं नाव प्रमिला, नदीपलीकडच्या गावात दिलेली. "आते झोका कोठे बांधूत आम्ही?"

मागायला आलेलो मी, आणि मागणं तिचंच आधी आलं. मी म्हटलं, "चला, बांधून देतो."

साइटवर अवजड सामान वर चढवायचा एक उंच लोखंडी सांगाडा होता. आमच्या जाड दोराचा झोका मी स्वतः त्याला बांधला, गाठी दोनदा तपासल्या, खाली फळी टाकली. निंबापेक्षा हा झोका उंच जात होता. दुपारपर्यंत सगळं गाव तिथे लोटलं. पोरींचं मन भरेपर्यंत मी शहाणपणाने थांबलो आणि मग घसा साफ करून स्लॅबचं सांगितलं.

प्रमिलाचा भाऊ पंडित हातातले पत्ते तसेच घेऊन पुढे आला. "साहेब, मुराळी व्हईसन मी बहिनले आनं, ते घमेलं उचलाले? गाव काय म्हनी माले?"

त्याचं चूक नव्हतं. माहेरवाशिणीला कोणी इकडची काडी तिकडे करू देत नाही. मी तोंड पाडून परत फिरणार, एवढ्यात प्रमिला झोक्यावरून उतरली.

"पंडित, पूल झाया नही, ते राखीले मी कशी येसू?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "माय गई तवय मी त्या काठवर व्हतू, तू या काठवर. मधमा पूर. मी नुसता तिनी चिताना धूर देखा."

पंडितने मान खाली घातली. दीड वर्ष मी त्या नदीकडे फक्त बल्ल्यांची चोर म्हणून बघत होतो. तिने त्या बाईचं काय नेलं होतं ते मला माहीत नव्हतं. त्या क्षणी मला शेठची नोकरी फार क्षुल्लक वाटली, खोटं कशाला बोलू.

"येसूत आम्ही," प्रमिला मला म्हणाली. "पन रोज लेवाव नही. रोज लिधा का आम्ही मजूर झायात. आम्ही मजूर नही. आन् झोका सोडू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आल्या. मी शंभरदा सांगितलं होतं की जुनी लुगडी नेसा, तरी निम्म्या जणी सणाच्या साडीतच. मिक्सरपासून वर स्लॅबपर्यंत रांग लागली आणि घमेली हातोहात चढू लागली. जी दमेल ती झोक्यावर जायची आणि झोक्यावरची रांगेत यायची. गौराईची गाणी चालूच होती, त्यात मध्येच माझं नाव घालून काहीतरी म्हणत आणि फिदीफिदी हसत. काय म्हणतात ते मी विचारलं नाही. असल्या ठिकाणी अज्ञानात सुख असतं.

पंडित आणि त्याची पत्तेमंडळी आधी लांबून बघत होती. बहिणी घमेली उचलताहेत आणि आपण बसलोय हे त्यांना किती वेळ सोसणार? न्याहारीच्या सुमाराला फावडी त्यांच्या हातात होती.

ऊन चढलं तसा माझा जीव वरखाली होऊ लागला. काँक्रीट ओतणं मध्येच थांबलं तर तिथे सांधा राहतो, आणि मग पूल जन्मभर तिथून गळतो. भर दुपारी, गाळा अर्ध्याच्या पुढे गेलेला असताना, मिक्सरचा पट्टा तुटला. जादा पट्टा होता, तो आदल्याच आठवड्यात दुसऱ्या साइटने मागून नेला होता. दुसऱ्या साइटला मी जे काही म्हणालो ते सणासुदीला लिहिण्यासारखं नाही. शिरपूरहून पट्टा आणेपर्यंत काँक्रीटचा दगड झाला असता.

"चक्की बंद शे आज," पंडित म्हणाला.

मला वाटलं, या माणसाला आता दळण सुचतंय. पण तो सायकलवर टांग मारून गेला आणि गावच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा गळ्यात घालून आला. पट्टा थोडा लांब होता, इंजिन मागे सरकवून बसवला. तोवर बायकांनी लोखंडी पत्र्यावर फावड्यांनी हाताने माल कालवून रांग चालू ठेवली होती. मिक्सर फिरला तेव्हा पट्ट्यातून पिठाचा धुरळा उडाला आणि आम्ही सगळे पांढरे झालो.

दिवस कलायच्या आत शेवटचं घमेलं पडलं. मी स्लॅबच्या कडेला मटकन बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही. चेहऱ्यावर पीठ आहे, कोणाला कळणार, असं वाटलं. सगळ्यांना कळलं. एका म्हातारीने माझ्यासमोर आमरसाचा तांब्या ठेवला.

पुढचे आठवडे मी स्लॅबवरची ओली पोती सुकू दिली नाहीत. मिरगाने त्या वर्षी थोडी दया केली. पात्रातली शेवटची बल्ली वर आली आणि दोन-तीन दिवसांत अनेर आली, गढूळ, फुगलेली, मागच्या वर्षीसारखीच माजलेली. मी काठावर उभं राहून तिला जाताना बघितलं. या खेपेला ती रिकाम्या हाताने गेली. त्या रात्री मी जो झोपलो, तो उजाडल्याचंही कळलं नाही.

आता पूल झाला म्हणजे संपलं, असं कोणाला वाटेल. पण शेठला उद्घाटन हवं होतं, उद्घाटनाला मोठे पाहुणे हवे होते, आणि पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. तोपर्यंत पलीकडच्या टोकाला डांबराची रिकामी पिंपं आडवी लावली, फळीवर "कामगारांखेरीज कोणी पुलावर येऊ नये" असं रंगवलं, आणि चिंधा नावाचा राखणदार बसवला. चिंधा इमानी माणूस. त्याने शेठच्या मुनीमजींनाही परत पाठवलं होतं.

राखी पौर्णिमेला अनेरला पूर होता. मी अलीकडून पुलावरून चालत त्या टोकाला गेलो, तेव्हा पिंपांपलीकडे प्रमिला उभी होती. हातात पिशवी, मागे आखाजीतल्याच आणखी सात-आठ जणी, पावसात भिजलेल्या. चिंधा काठी आडवी धरून फळीकडे बोट दाखवत होता.

"कामगार सोडीसन कोनले जावाव नही," तो म्हणाला.

"मंग आम्ही कोन शेत? या गाळाना मजूर शेत."

"मजूर?" चिंधाला आखाजीची गोष्ट ठाऊक होती. "रोज तर लिधा नही तुम्ही."

"म्हनीसनच बाकी शे," प्रमिला म्हणाली. "तो लेवाले उनूत आज."

चिंधाने माझ्याकडे बघितलं. मी वाकून एक पिंप ढकललं, मग दुसरं. तेव्हा चिंधानेही काठी टेकवली आणि तिसऱ्याला हात लावला.

त्या आमच्या शेजारून गेल्या. खाली नदी गरजत होती आणि एकीनेही तिच्याकडे बघितलं नाही. सावळखेड्याच्या टोकाला, निंबाच्या बुंध्यापाशी, पंडित छत्री घेऊन उभा होता.