चाकवताचा गुन्हा

लेस्टरमध्ये सात वर्षं वेटिंग लिस्टवर काढली, तेव्हा कुठे भाजी लावायला अलॉटमेंट, म्हणजे भाड्याने जमिनीचा तुकडा, मिळाली. मेमध्ये लावलेली कारली गारठून मेली. पडवळाने जूनमध्ये मान टाकली. चाकवत मात्र गुडघाभर वाढला. आणि जुलैत कमिटीचं पत्र आलं: "तुमच्या प्लॉटवर तण माजलंय. दोन आठवड्यांत काढा, नाहीतर प्लॉट परत घेऊ."

तण? चाकवताला तण म्हणतात ही माणसं!

"अहो, घरात ओरडून काय होणार? प्लॉट जाईल," सुप्रभा म्हणाली. म्हणून सगळा उपटला आणि दोन आठवडे ताकातली पातळ भाजी खाल्ली. सरकारी भाषेतला हुकूम इतक्या चवीने कोणी पाळला नसेल.

ऑगस्टमध्ये दुसरं पत्र: "प्लॉट ओसाड पडलाय. काहीतरी लावा, नाहीतर परत घेऊ."

मी तडक सेक्रेटरी ब्रेंडाबाईंना गाठलं. "थंडी पडायच्या आत आता काय उगवणार, तुम्हीच सांगा!"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "खरंय. त्या तणाशिवाय काहीच नाही."

"एवढं लिहून द्या."

त्यांनी सहीनिशी दिलं. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून प्लॉटवरच्या खुंटाला लावलाय आणि वाफाभर चाकवत पेरलाय.