झाडाला घातलेली खळ

आमचा धंदा लाँड्रीचा. सासऱ्यांनी सुरू केला, ह्यांनी वाढवला, आणि त्यापायी घराला एक खोड लागली. डाग दिसला की हात स्वस्थ बसत नाही. पाहुण्यांच्या शर्टावर काही सांडलेलं असेल, तर पाण्याचा ग्लास हातात पडण्याआधी शर्ट अंगावरून उतरलेला असतो.

मोठ्या नणंदबाई समुद्रकिनारी राहतात. त्यांच्या लेकीच्या लग्नापासून त्यांचा आणि ह्यांचा अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. लग्नात घालायचा त्यांच्या यजमानांचा शर्ट ह्यांनी धुतला आणि कॉलरला अशी खळ घातली की त्या भल्या माणसाला दिवसभर मान वळवता आली नाही. एकाही फोटोत ते लेकीकडे बघत नाहीत. सगळ्यांत समोरच्या भिंतीवर रागावलेले दिसतात. ताई म्हणाल्या, "खळ जास्त झाली." हे म्हणाले, "दाजींची मानच जाड आहे." तिथेच बिनसलं.

आणि एक दिवस ताईंचा मला फोन आला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, बऱ्या होईतो गॅलरीतलं लाडकं झुडूप आमच्याकडे ठेवायचं होतं. "त्यालाही सांग," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. 'त्याला' म्हणजे ह्यांना. मी निरोप दिला, आणि त्या दिवशी हे इस्त्री करताना चक्क शीळ घालत होते. मला फार बरं वाटलं.

झुडूप आलं. गुडघ्याएवढं, शेवंतीच्या नात्यातलं. पिवळी फुलं, आणि पानं अगदी चंदेरी. ह्यांनी त्याला इस्त्रीच्या टेबलाजवळची उजेडाची खिडकी दिली. मग मी बाजारात गेले, ही माझी चूक.

परत येते तो झाड हिरवंगार. हे शेजारी मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन उभे, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसलं होतं गं बिचाऱ्यावर. ताईला दिसत नसणार. एकेक पान घासून काढलं."

मी रोपवाटिकेत फोन लावला. "ते मीठ नाही हो," माळी म्हणाला. "बारीक लव असते पानावर. खाऱ्या वाऱ्यात तीच त्याला जपते. नवी पानं येतील ती चंदेरीच येतील, पण घासलेली गेली."

ताई रविवारी येणार होत्या. हे मटकन स्टुलावर बसले. "आता ती जन्मात बोलायची नाही माझ्याशी," म्हणाले, आणि ह्यांचा आवाज असा झाला की माझा सगळा राग विरघळला.

पण लाँड्रीवाल्याला एकच उपाय येतो. ह्यांनी खळ शिजवली आणि कापसाच्या बोळ्यानं पानापानाला लावली. वाळल्यावर लांबून झाड खरंच चंदेरी दिसलं. फक्त पंखा लावला की ते खडखडायचं, म्हणून आम्ही घामाघूम बसून राहिलो.

ताई आल्या. यजमान खाली गाडीतच बसले होते, 'त्याच्या घरात पाऊल टाकणार नाही' म्हणून. ताईंनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं दारातूनच वाचून दाखवली. मग त्या खिडकीशी गेल्या आणि एक पान चिमटीत धरलं. कट् असा आवाज झाला.

"खळ कोणी घातली?"

"मी," हे इस्त्रीकडे बघत म्हणाले.

"पाणी किती घेतलंस?"

"नेहमीएवढंच."

बाप एकच, धंदा एकच, ताईंना खळीचं काय सांगायचं. ह्यांनी शेवटी इस्त्रीवरून नजर उचलली.

"जास्त झाली, ताई."

"झाडाची, की शर्टाची?"

"दोन्हीची."

ताई स्टुलावर बसल्या आणि इतक्या हसल्या की नव्या डोळ्यांना पाणी आलं. हे रुमाल पुढे करायला गेले, तर तोही कडक. मग ताईंनी खिडकीतून खाली हाक मारली, "वर या. त्यानं कबूल केलं."

यजमान जिना चढून आले, बिनकॉलरचा टी-शर्ट घालून. दारातच त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि मगच आत पाऊल टाकलं.