ताटलीच्या पाठीवरचे ठिपके

संग्रहालयातल्या वाउटरने ताटली उपडी केली आणि बुडावरच्या चिनी अक्षरांवर बोट ठेवलं. हे एका राजाचं नाव, पण ताटली त्या राजाच्या दोनशे वर्षांनंतरची, असं तो म्हणाला. जुन्या राजाचं नाव घालायची तिथल्या कुंभारांची रीतच होती. म्हणून शिक्क्यावर जायचं नाही, बुडाची कड आणि निळा रंग बघायचा. माझी लेक हिमानी मला मराठीत सांगत होती. माणूस जाणकार होता, त्यात वाद नाही.

मग त्याने कडेजवळचे बारीक ठिपके दाखवले आणि मान हलवली. ताटली खरचटलीय, संग्रहालयाला नको.

आमच्या शेजारच्या कॉरीबाईंचा चेहरा पडला. ऐंशीच्या बाई, वृद्धाश्रमातल्या एका खोलीत राहायला निघालेल्या. आपल्या आजीची ताटली जुन्या सामानाच्या दुकानात जाऊ नये, संग्रहालयाने ठेवून घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा. टिलबर्गला लेकीकडे आल्यापासून माझ्याशी रोज बोलतं असं हे एकच माणूस, तेही डचमध्ये. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी बरं वाटतं.

ते ठिपके बघून माझे हात शिवशिवायला लागले. खरचटलंय म्हणे! चाळीस वर्षं मी रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून, हातोडीने ठिपके ठोकत नावं घातली. लग्नाचे हंडे, मुंजीची ताम्हनं, बारशाच्या वाट्या. ठोका कुठल्या बाजूने पडलाय हे मला झोपेतही कळेल. आणि हे काम तर चिनी मातीवरचं, हात जरा जड झाला की तुकडे. ज्याने कुणी केलं त्याचा हात माझ्याहून हलका होता.

पण बोलायचं कसं? हिमानीने इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय की बाबा मेटल इंजिनीअर होते. आइंडहोव्हनच्या तिच्या ऑफिसात बाकीच्यांचे बाप बँकेत नाहीतर कॉलेजात, हिचा एकटीचा पायरीवर. मी तिला कधी बोललो नाही. राग मात्र आला होता, खोटं कशाला सांगू. आजही वाउटरला तिने इंजिनीअरच सांगितलं होतं.

मी म्हटलं, "सांग त्याला. हे खरचटलेलं नाही, कुणाचं तरी नाव आहे."

तिने सांगितलं. वाउटर हसला नाही, पण यांना कसं कळलं, असं त्याने विचारलंच. कॉरीबाई माझ्याकडे बघतायत, मी हिमानीकडे. ताटलीचं काय व्हायचं ते होवो, ही आता काय बोलते याच्याकडे माझं सगळं लक्ष होतं.

"बाबा, काय सांगू?" तिने हळूच विचारलं.

"जे आहे ते सांग. नाहीतर चल घरी."

ती लालबुंद झाली. मग वाउटरकडे सरळ बघून इंग्रजीत बोलली, म्हणून मलाही समजलं. "माझे वडील भांड्यांवर नावं घालायचे. चाळीस वर्षं. मी इंजिनीअर म्हणाले ते खोटं होतं. मी इंजिनीअर झाले ती त्यांच्या हातोडीवर."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी पातळ कागद आणि पेन्सिल मागितली. कागद बुडावर धरून शिसं आडवं फिरवलं, तसे ठिपके उमटत गेले आणि त्यांची मोडी अक्षरं झाली. कल्हईला येणाऱ्या जुन्या भांड्यांवर तीच असायची, दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरांनी मला वाचायला शिकवली होती. मी मोठ्याने वाचलं, "उमाबाई, वेंगुर्ले."

वेंगुर्ल्याचं नाव ऐकताच वाउटर उठूनच उभा राहिला. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथे डचांची वखार होती, तो घाईघाईने सांगायला लागला. म्हणजे ताटली चीनची, नांदली कोकणात उमाबाईंच्या घरी, आणि मग आली इकडे. ताटली आता संग्रहालयातच राहणार, तीही या ठिपक्यांसाठी, असं तो म्हणाला. कॉरीबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि रडल्या.

वाउटर आत जाऊन आला तो सहा ताटल्या घेऊन. सगळ्या अशाच ठिपक्यांच्या, खरचटलेल्या म्हणून मागे पडलेल्या. सरांना थोडा वेळ आहे का, त्याने हिमानीला विचारलं.

"आहे," ती म्हणाली, "पण त्यांना खाली बसून काम करायची सवय आहे."

तिने आपला महागाचा कोट काढून फरशीवर अंथरला. मी मांडी घातली. ती समोर बसली, पहिली ताटली उपडी ठेवली आणि कागदाची दोन टोकं धरली.